शेवटच्या घंटेनंतरची शाळा: न्यू जर्सीच्या पब्लिक हायस्कूलमध्ये मुलांना रुळवताना

एडिसन, साऊथ ब्रन्सविक, प्लेन्सबरो, मन्रो या पट्ट्यात दर उन्हाळ्यात नवी मराठी कुटुंबं येतात. नोकरीचं पक्कं होतं, अपार्टमेंट मिळतं आणि मग पंधरा वर्षांच्या मुलाला हायस्कूलमध्ये घालायची धावपळ सुरू होते. गणिताचा कोणता वर्ग मिळेल, एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय) कधीपासून घेता येईल, शाळेचं नाव कसं आहे, अशी सगळी चौकशी होते. ती करावीच. पण आम्ही पुण्याहून आलो तेव्हा मुलगा नववीत होता आणि मुलगी सातवीत. दोघांचीही इथली हायस्कूलची वर्षं जवळून पाहिली, आणि त्यावरून सांगते: नव्या मुलाला या देशात मित्र मिळतात ते दुपारी अडीचनंतर, शाळा सुटल्यावर.

आपल्याकडे ‘नववी ब’ असा एक वर्ग असतो. तीच साठ मुलं, तोच बाक, तोच शेजारी. इथे वर्ग नावाची ती गोष्टच नाही. प्रत्येक मुलाचं वेळापत्रक वेगळं. घंटा झाली की शिक्षक जागेवर राहतात आणि मुलं उठून दुसऱ्या खोलीत जातात. गणिताला शेजारी बसलेला मुलगा इतिहासाला दिसतही नाही. त्यामुळे हुशार, बोलकी मुलंसुद्धा पहिले काही महिने जेवणाच्या सुट्टीत एकटी बसतात. संघात किंवा बँडमध्ये मात्र तीच वीस-तीस मुलं रोज दोन तास भेटतात, एकत्र घाम गाळतात, एकाच बसने जातात-येतात. शाळेत नाव घालतानाच या दुसऱ्या शाळेचीही तयारी करा, एवढ्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

पहिली पायरी: प्रवेश आणि इयत्ता

तुम्ही ज्या गावात राहता त्या गावाची पब्लिक शाळा तुमच्या मुलासाठी मोफत आहे. व्हिसा कोणता, हा प्रश्न शाळेने विचारायचा नसतो. स्थलांतराच्या कागदपत्रांवरून मुलाला मोफत शाळा नाकारता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यात स्पष्ट केलं आहे. शाळेला हवा असतो राहण्याचा पुरावा: घरभाड्याचा करार, वीज किंवा गॅसचं बिल. त्याबरोबर जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि मागच्या वर्षांच्या गुणपत्रिका. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असेल तर भारतातून निघण्याआधीच त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. लसींच्या तारखा डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह एका कागदावर आणा. जुन्या पिवळ्या कार्डावरची पुसट अक्षरं इथल्या नर्सला लागत नाहीत, आणि मग तीच लस पुन्हा टोचून घ्यावी लागते.

इथलं हायस्कूल चार वर्षांचं, नववी ते बारावी. नववीच्या मुलाला फ्रेशमन म्हणतात, दहावीच्या सॉफमोर, मग ज्युनिअर आणि सीनिअर. काही पालक म्हणतात, ‘नवा देश आहे, एक वर्ष मागे घालू म्हणजे जम बसेल.’ हा निर्णय घेण्याआधी खेळाचा नियम माहीत असू द्या. राज्यातल्या शालेय स्पर्धांचं नियमन एन.जे.एस.आय.ए.ए. ही संघटना करते, आणि तिचं कामकाज 1918 पासून चालू आहे. तिच्या नियमानुसार मुलगा पहिल्यांदा नववीत गेला तिथपासून सलग आठ सत्रंच खेळू शकतो. शिवाय 1 सप्टेंबरच्या आधी ज्याला 19 वर्षं पूर्ण झाली, त्याला त्या वर्षी खेळता येत नाही. म्हणजे भारतात नववी करून आलेल्या मुलाला इथे पुन्हा नववीत बसवलं, तर बारावीच्या वर्षी, ऐन भरात असताना, तो संघाबाहेर राहू शकतो. गायडन्स काउन्सेलरशी (विषय आणि इयत्ता ठरवायला मदत करणारा शाळेतला सल्लागार) इयत्तेबद्दल बोलताना हा प्रश्न मोकळेपणाने विचारा.

आणि त्याच दिवशी, त्याच इमारतीत, ॲथलेटिक ऑफिस कुठे आहे ते विचारून तिथेही जाऊन या. तिथे ॲथलेटिक डायरेक्टर असतो आणि त्याच्या हाताखाली एक सेक्रेटरी. ही सेक्रेटरी म्हणजे नव्या पालकाची सगळ्यात मोठी मदत. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याचे काही वेगळे कागद लागतात का, हे तिला पहिल्याच भेटीत विचारून घ्या. ऐन सामन्याच्या आदल्या दिवशी हा प्रश्न निघाला तर फार त्रास होतो.

दुसरी पायरी: फिजिकल म्हणजे शारीरिक तपासणी, आणि तीही जुलैत

इथे बहुतेक नवी कुटुंबं अडतात. आम्हीही अडलो. पुण्याच्या आमच्या डॉक्टरांनी दिलेलं फिटनेस सर्टिफिकेट मी फाईलमध्ये नीट लावून आणलं होतं. ऑगस्टमध्ये पहिल्या प्रॅक्टिसला मुलगा बूट घालून तयार गेला, आणि कोचने यादी पाहून त्याला हळूच बाजूला घेतलं. ‘तुझं क्लिअरन्स आलेलं नाही.’ पुढचे सहा दिवस तो मैदानाच्या कडेला बसून इतरांना पळताना पाहत होता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. चूक आमची होती. नियम लिहिलेला होता, आम्ही तो वाचला नव्हता.

नियम असा आहे. राज्याने ठरवून दिलेला एक फॉर्म असतो. त्यावर न्यू जर्सीत तुमच्या मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरची, नर्स प्रॅक्टिशनरची किंवा फिजिशियन असिस्टंटची सही लागते, आणि सही करणाऱ्याने हृदयतपासणीचं राज्याचं खास प्रशिक्षण पूर्ण केलेलं असावं लागतं. तपासणी 365 दिवसांच्या आतली हवी. ती होऊन 90 दिवसांपेक्षा जास्त काळ लोटला असेल, तर मधल्या काळात काही आजार-दुखापत झाली का याचा आणखी एक छोटा फॉर्म पालकांनी भरायचा. हे सगळं शाळेच्या नर्सकडे जातं, तिथून शाळेच्या डॉक्टरकडे, आणि त्याने मान्यता दिली की मगच मुलाचं नाव कोचच्या यादीत येतं. या शेवटच्या टप्प्याला दिवस लागतात. शाळेचा डॉक्टर रोज शाळेत नसतो.

म्हणून आल्याबरोबर, विमा सुरू झाला की पहिला फोन बालरोगतज्ज्ञाला करा. ‘स्पोर्ट्स फिजिकल हवं आहे’ असं स्पष्ट सांगा आणि शाळेच्या संकेतस्थळावरून फॉर्म छापून सोबत न्या. नवा पेशंट म्हणून तारीख मिळायला तीन-चार आठवडे सहज जातात. कुटुंबाचा डॉक्टर अजून ठरलाच नसेल, तर शाळेच्या डॉक्टरकडून तपासणी करून घेता येते, तसं नर्सला सांगा. फॉर्ममध्ये घराण्यात कुणाला तरुण वयात हृदयविकाराने अचानक मृत्यू आला का, पळताना कधी भोवळ आली का, असे प्रश्न आहेत. ते मुलाला भरायला देऊन मोकळं होऊ नका. आजी-आजोबांना फोन करा, खरी माहिती लिहा. आपल्या घरांमध्ये अशा गोष्टी मुलांपर्यंत पोचलेल्या नसतात.

बाकीच्या सह्या पालक पोर्टलवर होतात: डोक्याच्या दुखापतीची माहिती वाचली, अचानक हृदय बंद पडण्याबद्दलचं पत्रक वाचलं, वेदनाशामक ओपिऑइड औषधांचं पत्रक वाचलं, उत्तेजकांच्या चाचणीला संमती आहे. एक जरी चौकट रिकामी राहिली तरी नाव अडकतं.

तिसरी पायरी: कोणता खेळ, कोणता हंगाम

वर्षाचे तीन हंगाम. फॉलचा सराव ऑगस्टमध्ये, शाळा उघडायच्या आधीच सुरू होतो. विंटर नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला, आणि स्प्रिंग मार्चमध्ये. फॉलला फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल), सॉकर (आपल्याकडचा फुटबॉल), क्रॉस कंट्री (मैदान-झाडीतून लांब पल्ल्याची धाव), फील्ड हॉकी, मुलींचं टेनिस आणि मुलींचं व्हॉलीबॉल. विंटरला बास्केटबॉल, रेसलिंग, पोहणं, इनडोअर ट्रॅक, तलवारबाजी, बोलिंग, आइस हॉकी. स्प्रिंगला बेसबॉल, सॉफ्टबॉल, लॅक्रोस, ट्रॅक अँड फील्ड, गोल्फ, मुलांचं टेनिस आणि मुलांचं व्हॉलीबॉल. टेनिस आणि व्हॉलीबॉल मुलामुलींचं वेगवेगळ्या हंगामात येतं, हे लक्षात राहू द्या. माझ्या मैत्रिणीची मुलगी पुण्यात उत्तम टेनिस खेळायची. ‘टेनिस मार्चमध्ये असतं’ असं कुणी तरी सांगितलं, आणि ऑगस्ट हातचा गेला.

क्रिकेट या यादीत नाही, कबड्डी-खो-खो अर्थातच नाहीत. पण मुलाच्या अंगात मुरलेला खेळ वाया जात नाही. कबड्डीत पकड करणाऱ्या मुलाला रेसलिंगच्या मॅटवर पाय धरणं, तोल काढणं पटकन समजतं. खो-खोतली चपळाई चारशे मीटरच्या रिलेत कामी येते. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थेट यष्टीवर फेकणाऱ्या हाताला बेसबॉलच्या आउटफिल्डमध्ये मान आहे. फलंदाजीची सवय मात्र मोडावी लागते, कारण बॅट गोल असते आणि टप्पा पडत नाही. मुलाने पूर्वी काय केलंय ते कोचला सांगायला लावा. आपली मुलं ‘काही नाही, असंच खेळायचो’ म्हणून मान खाली घालतात.

प्रत्येक खेळात साधारणपणे तीन संघ असतात: सर्वात वरचा व्हार्सिटी, मग जेव्ही म्हणजे ज्युनिअर व्हार्सिटी, आणि नववीच्या मुलांचा फ्रेशमन संघ. पहिले दोन-चार दिवस ट्रायआउट होतात आणि मग यादी लागते. बास्केटबॉल, सॉकर, बेसबॉल, व्हॉलीबॉल यांत स्पर्धा कडवी असते. दोन-अडीच हजार मुलांच्या शाळेत बास्केटबॉलच्या बारा-पंधरा जागा, आणि इथली मुलं दुसरी-तिसरीपासून गावच्या लीगमध्ये खेळत आलेली. पहिल्या वर्षी तिथे नाव आलं नाही तर त्यात मुलाचं काही उणं नाही.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे: पहिल्या वर्षी असा खेळ घ्या ज्यात कुणाला काढत नाहीत. क्रॉस कंट्री आणि ट्रॅक बहुतेक शाळांत असे आहेत. जो येईल आणि रोज सराव करेल तो संघात. फुटबॉलमध्येही बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना घेतात, पण खेळ माहीत नसताना, त्या वजनांच्या मुलांमध्ये, पहिल्याच वर्षी मी नव्या मुलाला पाठवणार नाही.

क्रॉस कंट्रीबद्दल जरा सविस्तर

मला या खेळाबद्दल विशेष आपुलकी आहे, कारण याच खेळाने माझ्या मुलाला इथे उभं केलं. पाच किलोमीटरची शर्यत, ट्रॅकवर नाही तर बागेत, गवतावरून, झाडीतून, चढउतारावरून. संघाचे सात धावपटू पळतात. पहिल्या पाच जणांचे क्रमांक मोजायचे आणि बेरीज करायची, ज्या संघाची बेरीज कमी तो जिंकला. पहिले पाचही एकाच संघाचे आले तर बेरीज पंधरा. सहावा आणि सातवा मोजले जात नाहीत, पण ते दुसऱ्या संघाच्या पाचव्याच्या पुढे आले तर त्या संघाची बेरीज वाढते. म्हणजे अगदी मागचा मुलगाही संघासाठी पळत असतो, आणि त्याला ते माहीत असतं.

मॉनमथ काउंटीतलं होल्मडेल पार्क हे या खेळाचं आपल्या राज्यातलं पंढरपूर. राज्याच्या अंतिम शर्यती तिथे होतात. तिथे ‘बोल’ नावाचा भाग आहे: वाडग्यासारखा खोलगट उतार, आणि लगेच दुसऱ्या अंगाला चढ. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या चढाच्या वर उभी होते. खालून मुलं वर येताना दिसत होती, कुणाच्या तोंडाला फेस, कुणाचा एक बूट चिखलात राहिलेला. माझा मुलगा बराच मागे होता. त्याच्या संघातली जी मुलं आधीच पोचली होती, ती कपडेही न बदलता परत धावत त्या चढाशी आली आणि त्याचं नाव घेऊन ओरडायला लागली. नाव चुकीचं उच्चारत होती, ‘ळ’ चा ‘ल’ करून. तो वर आला. पुढच्या सोमवारपासून जेवणाच्या सुट्टीत त्याची जागा ठरली.

लागतं काय? बरे रनिंग शूज, त्यात कंजुषी नको. स्पाइक्स दुसऱ्या महिन्यात घेतले तरी चालतात. पाण्याची मोठी बाटली, आणि ऑगस्टच्या उन्हासाठी टोपी. उकाडा फार असला की सरावाची वेळ बदलते किंवा रद्द होते, त्यासाठी संघाचा ग्रुप किंवा ॲप पहिल्याच दिवशी जोडून घ्या. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी कुणाच्या तरी घरी पास्ता पार्टी असते. मूल शाकाहारी असेल तर यजमान पालकांना आधी कळवा, ते आनंदाने वेगळं करतात. आम्ही एकदा आमच्याकडे बोलावून पास्त्याबरोबर मसालेभात ठेवला. पातेलं धुवायला फार कष्ट पडले नाहीत.

चौथी पायरी: इमारतीची ओळख

सप्टेंबरच्या आधी फ्रेशमन ओरिएंटेशन असतं. नवीन आलेल्या दहावी-अकरावीच्या मुलांनाही त्याला जाता येतं, काउन्सेलरला विचारा. त्या दिवशी मुलाने छापील वेळापत्रक हातात घेऊन पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत इमारतीत एकदा प्रत्यक्ष चालून पाहावं. दोन तासांच्या मध्ये चार-पाच मिनिटंच मिळतात, आणि या इमारती मोठ्या असतात. मुख्य जिम आणि छोटी जिम, कॅफेटेरिया, ऑडिटोरियम, बँडची खोली, नर्सचं ऑफिस, मीडिया सेंटर म्हणजे वाचनालय, ही ठिकाणं पाहून ठेवावीत. बाहेरच्या दारांवर मोठे आकडे असतात. ‘प्रॅक्टिसनंतर दार क्रमांक 14 पाशी घ्यायला या’ असा निरोप येतो, तेव्हा ते दार कुठे आहे हे तुम्हालाही माहीत हवं.

एक गोष्ट घरीच शिकवा: आकड्यांचं कुलूप. आपल्या मुलांनी ते हाताळलेलं नसतं, आणि पहिल्या दिवशी गर्दीत लॉकर उघडत नाही म्हणून रडकुंडीला येतात. तबकडी उजवीकडे दोन-तीन फेरे फिरवून पहिल्या आकड्यावर थांबायचं. मग डावीकडे फिरवताना दुसरा आकडा पहिल्यांदा येईल तो सोडून द्यायचा, पहिला आकडा ओलांडून पुढे जायचं आणि दुसऱ्या आकड्यावर थांबायचं. मग उजवीकडे सरळ तिसऱ्या आकड्यावर, आणि ओढायचं. दुकानात असं कुलूप काही डॉलरला मिळतं. आम्ही ते स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं होतं, येता-जाता मुलगी उघडायची. जिमच्या लॉकरसाठी असंच कुलूप नंतर लागतंच.

पी.ई. म्हणजे शारीरिक शिक्षण इथे सुटीचा तास नाही. राज्याच्या कायद्याने आरोग्य आणि शारीरिक शिक्षण मिळून आठवड्याला 150 मिनिटं सक्तीची आहेत आणि त्याचं क्रेडिट (विषय पास झाल्यावर मिळणारे अंक) हायस्कूलच्या पदवीत मोजलं जातं. कपडे बदलले नाहीत तर मार्क जातात. मुलींना लॉकर रूममध्ये सगळ्यांसमोर कपडे बदलायचा संकोच वाटतो. आतमध्ये स्वच्छतागृहाची बंद दारं असतात, तिथे बदललं तर कुणी काही म्हणत नाही, हे तिला आधीच सांगा.

महिन्यातून एकदा आगीची आणि एकदा सुरक्षेची कवायत होते. लॉकडाऊनच्या कवायतीत दिवे बंद करून, दाराला कुलूप लावून, कोपऱ्यात गप्प बसायचं असतं. भारतातून आलेलं मूल पहिल्यांदा घाबरतं. कशासाठी असतं ते पालकांनीच शांतपणे सांगावं, दुसऱ्या मुलांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळू देऊ नये.

पाचवी पायरी: बँड, रंगमंच, क्लब

ज्याला खेळात रस नाही त्याच्यासाठी मार्चिंग बँड हा संघच आहे. ऑगस्टमध्ये बँड कॅम्प होतो, दिवसभर मैदानावर पावलं मोजत वाजवायचं. माझ्या मुलीला पाश्चात्त्य वाद्य एकही येत नव्हतं, पण ती दोन वर्षं इथल्या ढोल-ताशा पथकात ताशा वाजवत होती. बँड डायरेक्टरला तिने फोनवरची मिरवणुकीची चित्रफीत दाखवली. त्यांनी तिला ड्रमलाइनमध्ये घेतलं. स्टाफ नोटेशन ती तिथेच शिकली. गणपतीची मिरवणूक आणि बँड जिथे वाजवतो तो फुटबॉलचा पहिला सामना जवळपास एकाच सुमारास येऊ शकतात, त्यामुळे ऑगस्टमध्येच दोन्हीकडच्या तारखा मांडून बसा आणि दोन्हीकडे आधी सांगा. ऐन वेळी सांगितलं तर मोकळी झालेली जागा भरायला दुसरं कुणी नसतं.

नाटकवाल्यांसाठी फॉलला नाटक आणि स्प्रिंगला संगीतिका. रंगमंचावर जायचं नसेल तर नेपथ्य, प्रकाशयोजना, ध्वनी सांभाळणाऱ्या क्रूमध्ये भरपूर जागा असते. अबोल मुलांना तिथे फार छान रमलेलं पाहिलं आहे.

क्लबांची जत्रा सप्टेंबरच्या अखेरीस भरते. टेबलं मांडलेली असतात आणि मूल पंधरा याद्यांवर नाव लिहून येतं. लिहू द्या. नंतर दोन किंवा तीनच ठेवा. ज्याला बोलायला आवडतं त्याने डिबेट किंवा मॉडेल यू.एन. (संयुक्त राष्ट्रांच्या सभेची नक्कल) घ्यावं, व्यवसायाची आवड असेल तर डेका हा व्यवसाय-स्पर्धांचा क्लब, विज्ञानाची असेल तर सायन्स ऑलिंपियाड. फर्स्ट रोबोटिक्सचं आव्हान जानेवारीत जाहीर होतं आणि त्यानंतर मुलं अक्षरशः कार्यशाळेत राहायला जातात, त्यामुळे विंटरचा खेळ आणि रोबोटिक्स दोन्ही एकदम झेपत नाही. नॅशनल ऑनर सोसायटी हा क्लब नव्हे. तिथे गुण, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य पाहून निवड होते आणि प्रत्येक शाळेची गुणांची अट वेगळी असते. सेवेच्या तासांची नोंद नववीपासून ठेवा.

सहावी पायरी: मार्क आणि मैदान

महाराष्ट्रात दहावीचं वर्ष आलं की मैदान बंद. जिल्हा-राज्य पातळीवर खेळलेल्यांना बोर्डाचे वाढीव क्रीडा गुण मिळतात, तेवढंच. इथे उलट आहे. खेळायचं असेल तर आधी पास व्हावं लागतं. न्यू जर्सीत हायस्कूलच्या पदवीला 120 क्रेडिट लागतात. दहावीपासून पुढच्या मुलाला फॉल आणि विंटरसाठी मागच्या वर्षी त्यातली 30 मिळवलेली असावी लागतात, आणि स्प्रिंगसाठी आधीच्या सत्रात 15. नववीच्या पहिल्या सत्राला ही अट नाही. भारतातल्या विषयांची क्रेडिट काउन्सेलर मोजून देतो. ती मोजणी लेखी घ्या आणि ॲथलेटिक ऑफिसलाही पोचली का ते पाहा.

अभ्यासाला वेळ कसा मिळतो, हे मला सगळे विचारतात. माझ्या दोघांचाही अभ्यास हंगामात जास्त नीट झाला, कारण वेळ थोडा असतो हे त्यांना माहीत असायचं. एक काळजी मात्र घ्या: मे महिन्यात एपी परीक्षा आणि स्प्रिंगचे महत्त्वाचे सामने एकत्र येतात. अकरावीच्या वर्षी एपी किती घ्यायच्या हे ठरवताना ते हिशोबात धरा.

दुखापत झाली तर

शाळेत ॲथलेटिक ट्रेनर असतो. तो व्यायाम घेणारा नव्हे, तो दुखापतींचा जाणकार. मुरगळलं, दुखलं की पहिल्यांदा त्याच्याकडे जायचं. डोक्याला मार बसल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी मुलाला पुन्हा मैदानात उतरवत नाहीत, तसा राज्याचा कायदा आहे. मग डॉक्टरची लेखी परवानगी आणि पायरीपायरीने परतणं, प्रत्येक पायरीवर त्रास झाला नाही तरच पुढची. ‘आता बरं वाटतंय, जाऊ दे त्याला’ असा आग्रह कृपया धरू नका. मुलं संघातली जागा जाईल या भीतीने डोकेदुखी लपवतात. घरी उजेडाचा त्रास होतोय का, चिडचीड वाढली का, झोप बिघडली का, हे तुम्हालाच दिसेल. खर्चासाठी बहुतेक ठिकाणी आधी तुमचाच विमा वापरला जातो आणि शाळेचा विमा त्यानंतर, म्हणून अपघाताचा फॉर्म त्याच आठवड्यात भरा.

पालकांचं काम

गाडी चालवणं हे पहिलं. न्यू जर्सीत 17 वर्षांचं झाल्याशिवाय एकट्याने गाडी चालवायचा परवाना मिळत नाही. बऱ्याच शाळांत सरावानंतरची लेट बस असते, पण ती घराच्या दारात येत नाही आणि रोजही नसते. संघातली दोन कुटुंबं शोधा आणि वार वाटून घ्या. मीच कारपूलमुळे पहिली अमेरिकन मैत्रीण मिळवली.

दुसरं, बूस्टर क्लब. हे पालकांचं मंडळ. खाण्याच्या खिडकीवर उभं राहणं, निधी जमवणं, वर्षअखेरच्या जेवणाची तयारी करणं. गणेशोत्सवात स्वयंसेवक म्हणून राबलेल्या माणसाला हे काम अगदी ओळखीचं वाटेल. शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या सामन्यात दोन तास हॉट चॉकलेट विकलं की गाव आपल्याला ओळखायला लागतं.

तिसरं सगळ्यात अवघड. ‘माझ्या मुलाला खेळायला का घेत नाही’ हे कोचला पालकांनी विचारायचं नसतं. मुलाने स्वतः जाऊन विचारायचं: ‘कोच, मला जास्त खेळायला मिळावं म्हणून मी काय सुधारू?’ हे वाक्य त्याच्याकडून घरी म्हणवून घ्या. सामना संपल्या संपल्या तर मुळीच बोलायचं नाही, एक दिवस जाऊ द्यायचा. छळ किंवा आरोग्याचा प्रश्न असेल तर मात्र लगेच आणि लेखी, आधी कोचला, मग ॲथलेटिक डायरेक्टरला.

शिष्यवृत्तीचं स्वप्न

खेळावर कॉलेज फुकट होईल या आशेने मुलाला जुंपू नका. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना अशी शिष्यवृत्ती मिळते. आयव्ही लीगची (हार्वर्ड, प्रिन्स्टनसारखी) कॉलेजं आणि कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या गटातली म्हणजे डिव्हिजन तीनची कॉलेजं तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. मूल खरोखरच त्या पातळीचं असेल तर दहावीपासून तयारी लागते: कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एन.सी.ए.ए.च्या डिव्हिजन एकसाठी (सर्वात वरचा गट) 16 मुख्य विषय आणि त्यांत किमान 2.3 जी.पी.ए. (4 पैकी सरासरी). भारतातल्या नववी-दहावीच्या मूळ गुणपत्रिका त्यासाठी जपून ठेवा, त्या तिथेही मागतात.

जूनमध्ये

हंगाम संपला की युनिफॉर्म धुऊन, घडी घालून परत करायचा. परत केला नाही तर त्याची किंमत मुलाच्या नावावर चढते आणि वर्षअखेरीस तो हिशोब पुढे येतो. मागच्या तपासणीची तारीख पाहा, ऑगस्टपर्यंत 365 दिवस भरत असतील तर आत्ताच डॉक्टरची वेळ घ्या. उन्हाळ्यात भारतात जायचं असेल तर तिकीट काढण्यापूर्वी कोचला सरावाची पहिली तारीख विचारा. आजी-आजोबांकडे पाच आठवडे राहून त्या तारखेच्या चार दिवस आधी परत या, म्हणजे जेट लॅग बराचसा उतरलेला असेल आणि मूल पहिल्या दिवशी बाकीच्यांबरोबर पळू शकेल.